फोन चालू असेल तर चालूच ठेवा

घटनास्थळावरून तपासी अंमलदाराचा कक्षात फोन येतो, तेव्हा वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: ‘साहेब, आरोपीचा मोबाईल मिळालाय. स्विच ऑफ करून पाकिटात घालतो.’ त्याला तिथेच थांबवणं हे तांत्रिक तपास कक्षाच्या प्रभारी अधिकाऱ्याचं पहिलं काम. फोन चालू असेल तर चालूच ठेवायचा, बंद असेल तर चालू करायचा नाही. ही एवढी ओळ प्रत्येक पोलीस ठाण्यात मुद्देमाल कारकुनाच्या टेबलासमोर लावली, तर तिचा उपयोग महागड्या सॉफ्टवेअरच्या परवान्यापेक्षा जास्त होतो. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

कारण असं आहे. चालू झाल्यावर एकदा तरी पासकोड टाकलेला फोन आणि बंद करून पुन्हा चालू केलेला फोन ही आमच्यासाठी दोन वेगळी उपकरणं असतात. पहिल्याची स्क्रीन लॉक असली, तरी आतला डेटा उघडणाऱ्या बऱ्याच किल्ल्या त्याच्या मेमरीत असतात आणि साधनांनी बरंच काही वाचता येतं. दुसऱ्यात त्या किल्ल्या तयारच झालेल्या नसतात. मग पासकोड मिळेपर्यंत फोन म्हणजे नुसती काच आणि धातू. त्यातही आता मुदत लागलेली आहे. आयफोन आयओएस १८.१पासून सलग ७२ तास उघडला नाही, तर स्वतःहून पुन्हा सुरू होतो. अँड्रॉइडमध्येही ३ दिवसांनी आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय २०२५मध्ये गुगल प्ले सर्व्हिसेसमधून आली. शिवाय लॉक होऊन १ तास झाला की आयफोनचा चार्जिंग पोर्ट डेटा देणं थांबवतो. शुक्रवारी रात्री जप्त केलेला फोन ‘सोमवारी पाठवू’ म्हणून मालखान्यात ठेवला, तर सोमवारी रात्री तो चालू दिसत असूनही, पुन्हा सुरू झाल्यामुळे, आमच्यासाठी बंद झालेला असतो. म्हणून आमच्याकडे रांग गुन्ह्याच्या तारखेप्रमाणे लागत नाही, कोणता पुरावा आधी मरणार आहे त्याप्रमाणे लागते. चालू स्थितीतला फोन आला की तो खुनाचा असो की पाकीटमारीचा, पहिला टेबलावर.

चालू ठेवायचा म्हणजे नेटवर्कवर ठेवायचा असं नाही. लांब बसलेला साथीदार दुसऱ्या उपकरणावरून सगळा डेटा पुसू शकतो. पंचांसमोर फ्लाईट मोड लावावा, आणि त्यानंतर वायफाय व ब्लूटूथ वेगळे तपासावेत, कारण बऱ्याच फोनमध्ये फ्लाईट मोड लावूनही हे दोन्ही चालू राहतात. लॉक स्क्रीनवरून फ्लाईट मोड लागत नसेल, तर फॅराडे पिशवी, म्हणजे सिग्नल अडवणारी पिशवी. पिशवीत गेलेला फोन नेटवर्क शोधायला पूर्ण ताकद लावतो आणि बॅटरी भराभर उतरते, म्हणून सोबत पॉवर बँक हवी. ती केबलसकट पूर्ण पिशवीच्या आत हवी. केबल बाहेर काढून भिंतीच्या चार्जरला लावली, तर तीच अँटेनाचं काम करते आणि पिशवी असून नसल्यासारखी होते. पिशवी नसेल तर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉईलचे चारपाच घट्ट थर चालतात. मात्र आधी दुसरा एखादा फोन तसाच गुंडाळून त्यावर रिंग जात नाही ना, हे पाहावं. सिम काढायची घाई नको. ई-सिम असेल तर काढायला काही नसतंच.

पासकोड विचारावा. सांगितला तर तो स्वखुशीने सांगितला, हे पंचनाम्यात त्याच शब्दांत यावं आणि पंचांसमोर एकदाच टाकून खात्री करावी. नाही सांगितला तर जबरदस्ती करायची नाही. अंदाजाने जन्मतारखा टाकत बसायचं तर मुळीच नाही. काही फोनमध्ये १० चुकीच्या प्रयत्नांनंतर सगळं पुसलं जाण्याची सोय मालकाने लावून ठेवलेली असते.

आता पंचनाम्याकडे. ‘एक काळ्या रंगाचा टचस्क्रीन मोबाईल, जु.वा.किं.अं. (जुनी वापरती किंमत अंदाजे) ८,००० रुपये’ हे वाक्य चोरीच्या मालाच्या जमान्यातलं आहे. न्यायालयात त्यावरून कोणता मोबाईल ते सिद्ध होत नाही. मॉडेल, दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक), सिमवरचा लांब क्रमांक, मेमरी कार्ड आहे की नाही, स्क्रीनवर तडे कुठे आहेत, हातात आला तेव्हा चालू होता की बंद, बॅटरी किती टक्के, फोनच्या घड्याळात किती वाजले होते आणि खरे किती वाजले होते, हे सगळं हवं. फोनला त्यानंतर जो जो हात लागला त्याची नोंद हवी. फ्लाईट मोड लावणं हाही बदलच आहे. तो लपवायचा नसतो, लिहायचा असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे, आणि कलम १९३प्रमाणे दोषारोपपत्रासोबत इलेक्ट्रॉनिक उपकरण कोणाकोणाच्या ताब्यात होतं त्याचा क्रम द्यावा लागतो. चित्रीकरणात कागद एक बोलतो आणि कॅमेरा दुसरं, असं झालं की बचाव पक्षाला वेगळी मेहनत करावी लागत नाही. पंचनाम्यात ‘१५.१० वाजता सीलबंद केला’ असं असेल आणि व्हिडिओत १५.४० वाजता फोन टेबलावर उघडा दिसत असेल, तर ती अर्ध्या तासाची दरी वर्षांनंतर कोणालाच भरून काढता येत नाही.

संगणकाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे नियम बरेच स्थिरावले आहेत. बंद असेल तर बंदच उचलायचा. चालू असेल तर आधी स्क्रीनचा फोटो, मग रॅमची नक्कल, मग डिस्क कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) आहे का ते पाहायचं. विंडोजच्या बिटलॉकरने बांधलेली डिस्क चालू अवस्थेत उघडी असते आणि प्रशासकाचे अधिकार असतील तर ४८ अंकी रिकव्हरी की तिथेच वाचून लिहून घेता येते. तीच डिस्क प्लग ओढून आणली, तर हाती दगड येतो. डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, घेताना मध्ये राइट ब्लॉकर, म्हणजे मूळ डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण, हवाच. सेकंदाला १२० एमबीच्या वेगाने १ टीबीच्या हार्डडिस्कची इमेज घ्यायला साधारण २ तास २० मिनिटं लागतात आणि पडताळणीला जवळपास तेवढीच. एखाद्या बोगस कॉल सेंटरवर छापा घालायचा आणि तिथे ३० मशीन असतील, तर हा हिशेब निघण्याआधी करायचा असतो: किती रिकाम्या डिस्क, किती ब्लॉकर, किती माणसं, आणि कुठली मशीन जागेवर नुसती चाळून सोडायची. एसएसडीबद्दल एक सावधगिरी. पुसलेल्या फाईलींची जागा ती आतल्या आत स्वतः साफ करत असते. नुसता वीजपुरवठा मिळाला तरी हे चालू राहू शकतं आणि राइट ब्लॉकरला ते थांबवता येत नाही. म्हणून ती पुन्हा पुन्हा जोडून पाहायची नाही.

सीसीटीव्हीचे डीव्हीआर, म्हणजे चित्रीकरण साठवणारे रेकॉर्डर, हे खरं दुखणं. पहिलं म्हणजे मुदत. छोट्या दुकानातला डीव्हीआर १५ ते ३० दिवसांत जुन्यावर नवं लिहितो, कॅमेरे जास्त असतील तर त्याहूनही आधी. गुन्हा उशिरा दाखल झाला, तर पहिल्याच दिवशी परिसरातले डीव्हीआर मोजून घ्यावे लागतात. दुसरं म्हणजे घड्याळ. डीव्हीआरचं घड्याळ बरोबर असेल असं कधीही गृहीत धरू नये. डीव्हीआरच्या स्क्रीनशेजारी नेटवर्कवर वेळ जुळवलेला मोबाईल धरून दोन्ही एका फोटोत घ्यावेत आणि फरक लिहावा: ‘डीव्हीआर १७ मिनिटे २० सेकंद पुढे’. हे लिहिलं नाही, की पाच दुकानांतून जोडलेला आरोपीचा मार्ग न्यायालयात उलटसुलट होतो. चौथ्या दुकानात तो तिसऱ्याच्या आधी पोचलेला दिसतो. तिसरं म्हणजे, डीव्हीआरची हार्डडिस्क काढून थेट विंडोजच्या संगणकाला लावायची नाही. डीव्हीआरची साठवण्याची पद्धत विंडोजला ओळखता येत नाही, ते ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ विचारतं आणि घाईत कोणीतरी ‘हो’ म्हणतं. फुटेज मूळ स्वरूपात, त्याच्या प्लेअरसकट घ्यावं. मोबाईलवर स्क्रीनचं शूटिंग करून आणलेला तुकडा तपासाची दिशा ठरवायला ठीक आहे, पण पुरावा म्हणून नाही.

फुटेजचा हॅश, म्हणजे फाईल जराही बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा, तिथेच काढावा. विंडोजच्या संगणकावर सर्टयुटिल ही आज्ञा आधीपासून असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. फाईलचं नाव आणि सोबत एसएचए-२५६ ही पद्धत दिली की तिचा ६४ अक्षरी हॅश मिळतो. तो पंचनाम्यात हाताने उतरवताना एखादं अक्षर हमखास चुकतं, म्हणून छापून चिकटवावा आणि त्यावर पंचांच्या सह्या घ्याव्यात. इथे एक गोष्ट तपासी अंमलदारांना वारंवार समजावावी लागते. हार्डडिस्कची इमेज राइट ब्लॉकर लावून दोनदा घेतली, तर हॅश सहसा सारखा येतो. मोबाईलचा तसा येणार नाही. फोन चालू असताना आतल्या नोंदी सतत बदलतात, त्यामुळे हॅश असतो तो काढलेल्या डेटाच्या फाईलचा, फोनचा नाही. हे साक्षीदाराला माहीत नसेल, तर उलटतपासणीत ‘प्रयोगशाळेचा हॅश आणि तुमचा हॅश वेगळा कसा’ या एका प्रश्नावर सगळा पुरावा संशयास्पद वाटायला लागतो.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत द्यायच्या प्रमाणपत्राचं महत्त्व महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. २०१४च्या जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उमेदवारी अर्ज दुपारी ३ची मुदत टळल्यावर दाखल झाले का, हा प्रश्न होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण. मूळ उपकरण न्यायालयात आणलं नाही, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र लागणारच, हे २०२०च्या त्या निकालाने पक्कं केलं. तेव्हा ते पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे आणि प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत. भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला, हे नमुन्यातच आहे. दुकानदाराकडून भाग अ फुटेज घेतानाच घ्यावा. ‘नंतर बोलावून घेऊ’ म्हटलं की दुकान बंद होतं, भाडेकरू गावी जातो आणि डीव्हीआर भंगारात जातो.

कक्षात रोजचं सगळ्यात जास्त काम असतं ते सीडीआर (कॉलच्या नोंदी) आणि आयपीडीआर (इंटरनेट वापराच्या नोंदी) यांचं. मागणी पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीने जाते आणि ही मंजुरी म्हणजे नुसता शिक्का नाही. गुन्हा नोंद क्रमांक, नंबर कशासाठी हवा आणि किती दिवसांचा हवा, हे मी प्रत्येक मागणीत स्वतः वाचतो. एखाद्याच्या बायकोचा किंवा भागीदाराचा नंबर यादीत सरकवण्याचा प्रयत्न कुठल्याही कक्षात होऊ शकतो. तो थांबवायची जागा प्रभारीचं टेबल हीच आहे.

आयपी पत्त्याच्या बाबतीत चुका तीनच होतात, पण रोज होतात. मोबाईल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी एका वेळी पुष्कळ ग्राहकांना देतात, त्यामुळे पोर्ट क्रमांकाशिवाय (एकाच आयपीवरचे ग्राहक वेगळे ओळखू देणाऱ्या आकड्याशिवाय) केलेल्या मागणीला उत्तर म्हणून शेकडो नावं येतात. संकेतस्थळाकडे किंवा ॲपच्या कंपनीकडे माहिती मागताना पोर्टही मागावा. दुसरी चूक वेळेची. परदेशी कंपन्या यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत वेळ देतात, भारताची वेळ ५ तास ३० मिनिटं पुढे. ३ मार्चला १८:४७:१२ यूटीसी म्हणजे आपल्याकडे ४ मार्चच्या मध्यरात्रीनंतर ००:१७:१२. ३ मार्चच्या संध्याकाळचा ग्राहक मागितला, तर कंपनी प्रामाणिकपणे भलत्याच माणसाचं नाव देते आणि पोलीस त्याच्या दारात उभे राहतात. म्हणून आमच्या मागणीपत्रात मूळ यूटीसी आणि भारतीय वेळ असे दोन्ही रकाने असतात आणि दुसरा अंमलदार ते पुन्हा जुळवून सही करतो. तिसरी चूक उशिराची. दूरसंचार कंपन्यांना या नोंदी २ वर्षं ठेवाव्या लागतात, पण बाकीच्यांच्या लॉगची मुदत बरीच कमी असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशात ती १८० दिवस आहे. आधी जतन करण्याची विनंती पाठवायची, पूर्ण मागणी मागाहून.

एक्सेलमुळे होणारं नुकसान बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. एक्सेल १५ अंकांपलीकडचा आकडा नीट ठेवत नाही. सिमचा १९ अंकी क्रमांक उघडला की शेवटचे अंक शून्य होतात आणि फाईल सेव्ह केली की ते परत येत नाहीत. तारखेत दिवस आणि महिना अदलाबदल होतात: ०४/०३ कधी ४ मार्च, कधी ३ एप्रिल. म्हणून फाईलवर डबल क्लिक करायची नाही. आयात करताना सगळे रकाने मजकूर म्हणून घ्यायचे आणि कंपनीकडून आलेली मूळ फाईल ईमेलसकट वेगळी ठेवायची. आयएमईआयचा शोध पहिल्या १४ अंकांवर घ्यावा. पंधरावा पडताळणीचा अंक असतो आणि सीडीआरमध्ये त्या जागी बरेचदा ० येतो. पंधराही अंक जुळवत बसलेला नवा अंमलदार ‘हा फोन वापरलाच गेला नाही’ असा अहवाल देतो, आणि फोन रोज वापरात असतो.

टॉवर लोकेशन म्हणजे माणसाचं ठिकाण नव्हे. शहरात टॉवरची पोच काहीशे मीटर, उघड्या माळावर काही किलोमीटर. किनारपट्टीवर पाण्यावरून सिग्नल लांब जातो आणि खाडीच्या अलीकडच्या घरातला फोन पलीकडच्या गावचा टॉवर धरतो. रस्त्याने ते अंतर तासाभराचं असू शकतं. अहवालात ‘आरोपी तिथे होता’ असं कधी लिहू नये. ‘त्या वेळी त्याचा क्रमांक या टॉवरच्या या दिशेच्या सेलवर होता’ एवढंच लिहावं. शंका असेल तर त्याच कंपनीचं सिम घालून त्या जागी उभं राहावं आणि कोणता सेल मिळतो ते पंचनाम्यासह नोंदवावं.

पैशांच्या फसवणुकीत पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनला, मग बाकी सगळं. तक्रारदाराकडून व्यवहाराचा संदर्भ क्रमांक घेताना अंक मोजावेत: यूपीआयचा १२, एनईएफटीचा १६, आरटीजीएसचा २२ अक्षरांचा. एक अंक कमी पडला तरी बँकेकडून ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर येतं आणि तेवढ्यात पैसे तिसऱ्या-चौथ्या खात्यात पोचतात. थांबवलेली रक्कम परत मिळवायला तक्रारदाराला सहसा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३खाली. पैसे गोठवल्याचा संदेश आला म्हणजे मिळाले असं समजून लोक महिनोन्‌महिने थांबतात. अर्जाचा नमुना ठाण्यातच ठेवला आणि गोठवलेल्या खात्यांचा तपशील त्यात भरून दिला, तर हे टळतं.

मुंबईतल्या कलिनाच्या किंवा विभागीय न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेत मुद्देमाल पाठवताना ‘मोबाईलमधील सर्व डेटा काढून मिळावा’ असं लिहिलेलं पत्र मी परत करतो. त्यातून येतो लाखभर पानांचा सीए (रासायनिक विश्लेषक) अहवाल, जो कोणी वाचत नाही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या तीन क्रमांकांशी झालेला संवाद, पुसलेला असल्यास तोही, आणि या नावाची फाईल या फोनमध्ये कधी आली, असं विचारावं. प्रश्न नेमका असला की उत्तर लवकर येतं. आणि फोनमधलं माणसाचं बाकीचं खासगी आयुष्य नस्तीत येत नाही.

हे तक्रारदाराच्या फोनबाबत तर जास्तच लागू आहे. छळाची तक्रार घेऊन आलेल्या मुलीचा फोन महिनाभर ठेवून घेणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा शिक्षा करणं आहे. तिचं बँकेचं काम, कॉलेज, घरच्यांशी बोलणं, सगळं त्यातच असतं. लेखी संमती घ्यावी, तिच्यासमोर फक्त संबंधित संवाद काढावा, हॅश आणि प्रमाणपत्र करावं आणि फोन त्याच दिवशी परत द्यावा. हे बहुतेक प्रकरणांत शक्य असतं. त्यासाठी एक टेबल राखून ठेवावं लागतं, एवढंच.

माणसांचंही सांगायला हवं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८प्रमाणे तपास निरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाच करता येतो, पण कक्षाचा कणा असतात अंमलदार. एखादा मोबाईलच्या डेटात तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं आणि मग बदली येते. बदली थांबवता येत नसेल, तर प्रत्येक कामावर सुरुवातीपासून दोघांना बसवावं. बालकांच्या लैंगिक शोषणाची सामग्री असलेली उपकरणं एकाच अंमलदाराकडे सलग देऊ नयेत. आधी हॅश जुळवून ओळखीच्या फाईली बाजूला काढाव्यात, उरलेल्या लहान आकारात, कृष्णधवल आणि आवाज बंद करून पाहाव्यात, रात्रपाळीत हे काम नको. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यालाही पाळीपाळीनेच बसवावं.

प्रत्येक उपकरणामागे कक्षात एक कार्यपत्र असतं: कोणी आणलं, किती वाजता, सील कसं होतं, कोणतं साधन आणि त्याची कोणती आवृत्ती वापरली, कुठे अडकलं, काय जमलं नाही. न जमलेलंही लिहायचं. खटला उभा राहतो तेव्हा साक्ष द्यायला बोलावलेला अंमलदार दुसऱ्याच जिल्ह्यात वाहतूक शाखेत असतो आणि त्याला शेकडो फोनमधला हा एक आठवत नसतो. समन्स आलं की आम्ही त्याला त्या कार्यपत्राची प्रत आधीच पाठवतो, सोबत त्या आवृत्तीच्या साधनाचं नाव ठळक करून, कारण पहिला प्रश्न बहुतेक तोच येतो.